टाकीतलं दोन बोटं पाणी

चहा घ्या, मंग सांगतो. मी जालन्यात घासलेटची नवी लोखंडी टाकी बसवली, तव्हा हैदराबादहून तपासणीचे साहेब आल्ते. कायदा असा, की टाकी आधी पाण्यानं भरून एक रात्र ठेवायची. पातळी उतरली न्हाई, तरच दाखला. दाखल्याशिवाय घासलेट भरता येत न्हाई, अन् दिवाळी तर तोंडावर.

त्या साली विहिरी आटलेल्या. लांबून बैलगाड्यांनी पाणी आणून टाकी भरली. साहेबांनी पट्टी बुडवून खडूनं खूण केली अन् आपल्या शिपायासंगं माझ्याच घरी मुक्काम केला.

सकाळी पट्टी पुन्हा बुडवली, तर पाणी दोन बोटं खाली!

"शेठजी, टाकी गळून राह्यली. दाखला बिलकुल मिळणार न्हाई."

मी टाकीखाली हात फिरवला. "हुजूर, जमीन तर कोरडी ठणठणीत आहे. पाणी गेलं कुठं?"

"मला काय विचारता? मी पिलो काय?"

तेवढ्यात आमची पाणी भरणारी गंगूबाई कमरेवर घागर घेऊन आली अन् टाकीचं झाकण उघडायला लागली.

"शेठजी, सरका जरा. साहेबांच्या शिपायाची आंघोळ राह्यली."

"अन् साहेबांची?"

"झाली की! आठ घागरी लागल्या. डोक्यावरून न्हाले ना!"

साहेबांनी ओल्या केसांवरून हात फिरवला अन् दाखल्यावर सही केली.

पुढच्या तपासणीला साहेब आले, ते स्टेशनावरच आंघोळ उरकून.