जिंकतानाचा एक फोटो

भिंगारहून जामखेडला निघालेल्या एसटीत रंगनाथरावांनी पुस्तक उघडलं होतं, पण कान पुढच्या बाकावरच्या नवरा-बायकोकडेच होते.

"आपली लेक पंकी एवढी मोठी स्क्वॅशची स्पर्धा जिंकली, अन् तुमच्या मोबाईलात नुसती भिंत?"

"चेंडू भिंतीवर आपटून दिसायच्या आत जातो गं. पयल्यांदाच बघितला ह्यो खेळ."

"हरलेल्या पोरीचे फोटो मातर झ्याक आल्यात!"

"तिच्या येळी हात कापत न्हवता."

"पंकीनं जिंकतानाचा एकच फोटो मागितला हुता. आता काय दावायचं तिला?"

"तवा खेळ बघू का फोटो काढू? तूच काढायचा की मग!"

"मी कशी काढनार? मी डोळं मिटून बसलेली."

"मंग जिंकली कसं कळलं?"

"तुमी एवढ्या सायेब लोकांत शिट्टी मारली, तवा."