तिहोमिरदादाचा काढा

—नाही गं वेरिका, रागावले नाहीये मी. ठेव ती बरणी खिडकीत, बाकीच्या बरण्यांशेजारी. कोरफड, मध आणि राकियाची दारू, हो ना? ओळखलं की नाही! अगं, अख्ख्या गल्लीनं हेच आणलंय. कुणी मध जास्त घातला, कुणी राकिया—राकियावाली बरणी समोरच्या म्हाताऱ्यानं संपवली, त्याला कसला आजारही नाही! बस तू. कॉफी माझी मी ओतते, हात शाबूत आहेत अजून. तू व्हिएन्नात होतीस, तुला इथलं काय ठाऊक असणार—म्हणून सांगते, मला आता कुठलीच बरणी देऊ नका.

पोटात गाठ निघाली तेव्हा निश शहरातल्या इस्पितळात डॉक्टर मितिचनी रोजची एक गोळी लावून दिली. म्हणाले, "रादोयकाबाई, नशीबवान आहात, या गाठीवर गोळी आहे." नशीबवान म्हणे! डोळे सुजायचे, पायांत पेटके यायचे, आणि मन असं बसलेलं, की केससुद्धा विंचरावेसे वाटेनात. तशात तिहोमिरदादा आला डोंगरातून, कांतारिओनच्या रानझुडपाची जुडी घेऊन—इवानदानच्या सणाला सकाळी स्वतः खुडलेली, फुलं पिवळीधमक. "आईच्या दुखण्यात तिला हाच काढा द्यायचो," म्हणाला. "गोळी घे, पण हाही घे. नांगराला दोन बैल बरे." घेतला मी. आणि खोटं कशाला बोलू—बरं वाटलं! झोप लागायला लागली, हसू यायला लागलं.

डॉक्टरांना का नाही सांगितलं? तूही तेच विचार! कधी सांगायचं गं? आत जायचं, ते संगणकाकडे बघणार—जेवण जातंय? झोप लागते? चला, पुढचे कोण. एकदा तोंड उघडलं, म्हटलं, डॉक्टर, माझा भाऊ एक चहा देतो... तर म्हणाले, "बाई, चहापाण्याचं नका सांगू, बाहेर रांग बघा." बघितली रांग. उठून आले. पुढच्या तपासणीत गाठ वाढलेली—मग ओरडलं कोण? तेच ओरडले! "घरी काय घेता?" तेव्हा वेळ होता बरं त्यांना. म्हणाले, या काढ्यानं यकृत असं कामाला लागतं, की गोळीचा गुण यायच्या आत शरीर तिला बाहेर टाकतं. म्हणजे बैल दोन खरे, पण एक उलटा जुंपलेला!

दादाला सांगितलं. तू बसलीस ना, तिथेच बसला होता, टोपी मांडीवर. आधी खवळला—"फुकट उगवतं म्हणून खुपतंय त्यांना!" मग हळूच म्हणाला, "म्हणजे... आईला पण?" अगं, आईच्या वेळी गोळी होतीच कुठे, काढा तिचं काय बिघडवणार होता! सांगितलं मी तसं, पण ऐकेल तर शपथ. टोपी घातली नि गेला. सबंध हिवाळा माझा उंबरा ओलांडला नाही त्यानं.

आणि गंमत ऐक. त्याच इस्पितळात स्नेझाना म्हणून एक आहे, पाय चोळून देते, श्वास कसा सोडायचा ते शिकवते. पेटके कमी झाले, गोळी जरा सुसह्य झाली. मितिच म्हणतात, "याला हरकत नाही, हे गोळीच्या आड येत नाही." मग हे पहिल्या दिवशी सांगायला काय जीभ झडली होती? कुठलं चालतं, कुठलं नाही—एवढंच! देह माझा एक, आणि ओढणारे दोन. मी फोनसुद्धा लावून दिला होता. दादा म्हणे, "मी शिकलेल्यांशी बोलत नाही." डॉक्टर म्हणे, "मी नातेवाइकांशी फोनवर बोलत नाही." घ्या!

काढा सोडल्यावर? थांबली ना गाठ, थांबली होती. मागच्या महिन्यात गेले तर मितिच खुर्ची वळवून बसलेले, माझ्याकडे तोंड करून. केवढ्या मऊ आवाजात म्हणाले, "तुम्हाला भावाचा तो चहा आवडायचा ना? हवा तर घ्या आता." मी बावळट, खूश झाले! बसमध्ये बसल्यावर डोक्यात उजेड पडला—गाठ पुन्हा वाढलीय, गोळी लागू पडत नाही म्हणून बंद केलीय त्यांनी. आड यायला आता काही उरलंच नाही.

अगं, अशी बघू नकोस. हे सांगायचंच नव्हतं मला. काढ्यामुळे झालं का, तेही दुसऱ्या दिवशी परत जाऊन विचारलं मी त्यांना. म्हणाले, सांगता येत नाही, कधी कधी गाठी गोळीला सरावतात. हे "सांगता येत नाही" दादाच्या पदरात घालू? आईचं घेऊन बसलाय तो, त्यावर माझंही? म्हणून निरोप धाडला—डॉक्टर हो म्हणाले काढ्याला. लगेच आला गं धावत! "आला ना वठणीवर तुझा डॉक्टर!" म्हणाला, आणि किती दिवसांनी हसला. हसू दे. रोज करून देतो, मी पिते.

फाटक वाजलं. तोच. वेरिका, डोळे पूस आधी. तशी नको जाऊस पुढून, परसातल्या दारानं जा—कॉफी राहू दे, जा म्हणते ना!

—ये दादा, ये. छे, कुणी नाही. वेरिका आली होती, घाईत होती, गेली.