चित्र नेमकं जातं कधी?

दुरुस्तीच्या दुकानातल्या रांगेत तंत्रनिकेतनाचे निवृत्त सर उभे होते. पुढच्या नवराबायकोच्या पिशवीत डिस्क प्लेअर होता. त्यांचे बोलणे सरांच्या कानी पडत होते, आणि सर कान बंद करून घेणाऱ्यांतले नव्हते.

“अहो, नव्या टीव्हीला हे जुनं धूड मानवत नाही. द्या भंगारात.”

“आणि रविवारी व्याह्यांना माझ्या धाकट्या भावाच्या लग्नाची डिस्क कशी दाखवू?”

“नकाच दाखवू! नाचताना मी धाडकन आपटते, ते व्याह्यांनी बघायचंय?”

“अगं, तीच तर खरी गंमत!”

सरांना राहवेना. “माफ करा, बिघाड काय आहे?”

“काका, मधेच चित्र जातं. आवाज चालू राहतो.”

“चित्राची पिवळी पिन सैल असेल.”

“वायर बदलली, टीव्हीसुद्धा बदलला.”

“चित्र नेमकं जातं कधी?”

“डिस्कमध्ये ही नाचायला उठली की.”

“आणि तेव्हा या कुठे असतात?”

“टीव्हीमागे. चित्र जायच्या आधीच बिचारी पिन घट्ट करायला धावते. फार काळजी हो तिला!”

बाईंनी सरांकडे पाहिले. सरांनी चष्मा काढून सावकाश पुसला.

“हा बिघाड कुठल्याच दुकानात निघायचा नाही.”

“मग रविवारी?”

“डिस्क लावूच नका. लावलीत तर चित्र जाणार, हे मी लिहून देतो.”

“काका,” बाई लगबगीने बाजूला सरल्या, “तुम्ही आमच्या पुढे या बघू. या वयात किती वेळ उभं राहायचं?”