पाचशे की पंचेचाळीस

रॉयस : पाचशे. फोनवर सांगितलं, आल्या आल्या दारात सांगितलं, आता परत सांगतो. पाचशेच.

व्हर्ना : ऐकू येतं मला, रॉयस. जन्म बंदुकांच्या आवाजात गेला तरी येतं अजून. मी विचारलं ते वेगळं होतं. हे रिव्हॉल्व्हर कमरेला लावून फिरणार कोण?

रॉयस : कोरा. दुसरं कोण? शिकाऱ्यांना डोंगरात नेण्याचा धंदा आता तिच्या नावावर केलाय. या सप्टेंबरात वरच्या तळावर तीच जाणार.

कोरा : आणि कोराला पंचेचाळीस हवंय. कोरा इथेच उभी आहे, कुणाला दिसत नसेल तर.

रॉयस : तुला काय हवंय हा प्रश्नच नाही. अस्वलाला काय पुरेल, हा प्रश्न आहे.

कोरा : त्याला विचारून आलास का?

व्हर्ना : ए, भांडायचं तर बाहेर जा दोघं. इथे बोलायचं तर कामाचं बोला. रॉयस, पाचशे म्हणजे अर्ध्या इंचाची गोळी, पंचेचाळीस-चव्वेचाळीस त्याहून जरा बारीक. करून देईन. चक्र नवं घडवावं लागेल, त्यात पाचच गोळ्या मावतील. पण ते झाडल्यावर हाताचं काय होतं ते तुला मी सांगायला नको. पहिली गोळी सगळेच झाडतात. दुसरी झाडेपर्यंत पिस्तूल आभाळाकडे बघत असतं.

रॉयस : पहिलीच पुरेल असं कर ना मग! म्हणून तर पाचशे म्हणतोय. चव्वेचाळीसने काय झालं ते बघितलं मी. चव्वेचाळीसने एमेट गेला.

कोरा : एमेट अस्वलाने गेला, बाबा.

रॉयस : दोन गोळ्या बसल्या तिला. दोन! माझ्या डोळ्यांदेखत अंगावरचे केस उडाले तिच्या. आणि ती मादी ढिम्म हलली नाही. सव्वीस वर्षं माझ्याबरोबर खेचरं हाकली त्या माणसाने, आणि मी हातात खेळणं घेऊन उभा होतो.

व्हर्ना : चव्वेचाळीस खेळणं नाही.

रॉयस : तू नव्हतीस तिथे.

व्हर्ना : नव्हते. कोरा, इकडे ये. हात पुढे कर, तळवा उघडा ठेव. मूठ तुझ्या हातावर बेतायची आहे. बोटं पसरू नकोस अशी... अगं, हे काय?

कोरा : काय झालं?

व्हर्ना : रॉयस, तू फोनवर दिलेलं माप यापेक्षा चांगलं बोटभर मोठं आहे. मी त्या मापाने अक्रोडाचा तुकडा कापूनसुद्धा ठेवलाय.

रॉयस : अंदाजाने सांगितलं असेल.

व्हर्ना : आणि मुठीचा फुगवटा डाव्या तळव्याला बसेल असा कर म्हणालास. मला वाटलं पोरगी डावरी असेल.

कोरा : मी डावरी नाही.

व्हर्ना : ते आता दिसतंय.

कोरा : आमच्या घरात एकच माणूस सगळं डाव्या हाताने करतो. उजव्याची दोन बोटं अस्वलाने नेल्यापासून. बाबा? इकडे बघ. त्या भिंतीवरच्या शिंगांकडे नको, माझ्याकडे. कुणासाठी करून घेतोयस हे?

रॉयस : कॉफी करपली तुझी, व्हर्ना.

कोरा : बाबा.

रॉयस : काय बाबा बाबा लावलंय? असेल माझ्यासाठी. माझ्या पैशाने करतोय.

कोरा : कधी जाणार होतास?

रॉयस : मे महिन्यात. बर्फ उतरलं की.

कोरा : मे महिन्यात मी डेन्व्हरला. गिऱ्हाइकं गाठायला त्या शिकारी मेळाव्याला जा, जा म्हणून तू माझं डोकं खाल्लंस. अस्सं! म्हणजे माझी पाठ वळली की तू एकटा वर जाणार. एमेट गेला त्या ओढ्यावर.

रॉयस : ती अजून तिथेच आहे. नोव्हेंबरात खालच्या कुरणवाल्यांना दिसली. खांद्यावर फिकट पट्टा आहे तिच्या, मी ओळखतो. पिल्लं मोठी होऊन गेली, पण तिने जागा सोडलेली नाही. सरकारने सोडून दिलं तिला. पिल्लं राखत होती म्हणे! एमेट काय राखत होता? मेलेल्या एल्क हरणाचं मांस पोत्यात भरत होता बिचारा.

व्हर्ना : रॉयस, ग्रिझली अस्वल मारलंस तर तुरुंग आहे. आणि पोरीचा परवाना जाईल तो वेगळाच.

रॉयस : अंगावर आलं तर माफ आहे. कायद्यात आहे तसं.

कोरा : म्हणजे ती अंगावर येईपर्यंत तू उभा राहणार. गळाला स्वतःलाच लावून.

रॉयस : तुला काय वाटतं, मला हौस आहे? सप्टेंबरात तू तिथे असशील. शहरातून आलेला एखादा माणूस रक्तात हात घालून बसलेला असेल, वारा उलटा फिरेल, आणि ती येईल. मी आधी जाऊन वाट मोकळी केली तर बिघडलं कुठे? बाप आहे मी तुझा.

कोरा : आई गेल्यावर उरलेला एकुलता एक बाप आहेस, म्हणून तर ओरडतेय!

व्हर्ना : मी हे करणार नाही.

रॉयस : काय करणार नाहीस?

व्हर्ना : हे पिस्तूल. पोटापाण्यासाठी, जिवासाठी लागेल ते करते. दावा साधायला करत नाही.

रॉयस : मग दुसरा कारागीर बघतो. वायोमिंगमध्ये तू एकटी नाहीस.

व्हर्ना : बघ. पण आलायस तसा एक काम करून जा. माझं स्वतःचं पाचशेचं आहे त्या कपाटात. मागे चल आणि झाडून दाखव. डाव्या हाताने. मग हवं त्याच्याकडे जा, मी अडवणार नाही.

कोरा : व्हर्ना, नको. तुम्ही तरी समजून घ्या.

रॉयस : आण. आण ते.

(दुकानामागे, मातीच्या उंच बांधासमोर. सावलीत अजून बर्फ आहे.)

व्हर्ना : कानांवर ही झाकणं चढवा दोघांनी. समोर फळीला कागदी ताटली ठोकलीय, ती दिसतेय? रॉयस, एकच गोळी भरलीय.

रॉयस : एकच का? मी काय शाळकरी पोर आहे?

व्हर्ना : माझं पाचशे पहिल्यांदा हातात घेणाऱ्या प्रत्येकाला एकच. हातातून सुटलं तर रिकामं सुटावं.

कोरा : उजव्या हाताचा आधार तरी घे खालून.

रॉयस : त्या हाताने आता चमचासुद्धा नीट धरवत नाही, याला काय आधार देणार? बाजूला हो.

व्हर्ना : कोपर ताठ ठेवू नकोस. घोडा पूर्ण मागे ओढ. घाई नाही. तुझं तू झाड.

कोरा : बाबा! अरे देवा. बाबा!

व्हर्ना : थांब, रॉयस, हलू नकोस. दे ते माझ्याकडे. दे. हं. आता बस त्या ओंडक्यावर.

कोरा : रक्त येतंय. घोडाच बसला कपाळावर. हा रुमाल धर, दाबून धर.

रॉयस : लागली का?

व्हर्ना : चांगलीच. टाका पडेल बहुतेक.

रॉयस : ताटलीला लागली का म्हणतोय!

व्हर्ना : ताटलीला नाही, फळीलाही नाही. बांधाच्या वरच्या कडेची माती उडाली.

रॉयस : परत भर.

व्हर्ना : नाही.

रॉयस : भर म्हणतो ना! हातात बसेल एकदा, मग जमेल. सराव नाही म्हणून झालं.

कोरा : रुमाल सोडू नकोस, रक्त थांबलेलं नाही.

रॉयस : थांबेल.

कोरा : दाबून धर. बाबा, मला एक सांग. चव्वेचाळीसमध्ये सहा गोळ्या असतात. दोन तू झाडल्यास. मग बाकीच्या चार?

व्हर्ना : कोरा, आत्ता नको गं.

कोरा : आत्ताच. दोन वर्षं आमच्या जेवणाच्या टेबलावर हे चव्वेचाळीस पडलेलं आहे. चव्वेचाळीस कमी पडलं, चव्वेचाळीसने घात केला. दवाखान्यात तेच, एमेटला पुरताना तेच. बोटं तर तिने नंतर तोडली. आधी हात धड होता तुझा. मग चार गोळ्या का राहिल्या?

रॉयस : रुमाल भिजला. दुसरं काही आहे का?

व्हर्ना : हे घे. स्वच्छ आहे.

कोरा : मी दोष देत नाहीये. मला फक्त कळायला हवंय. मी त्याच ओढ्यावर जाणार आहे.

रॉयस : एमेट खाली होता.

कोरा : काय?

रॉयस : तिच्या खाली. ती त्याच्यावर पसरली होती. पहिल्या दोन गोळ्या ती पळत येताना मारल्या, तोवर मधे काही नव्हतं. मग ती त्याच्यावर पडली. ती हलत होती, तो हलत होता. तपकिरी केस, त्याचा तपकिरी कोट. ती कुठे संपते आणि तो कुठे सुरू होतो तेच कळेना. मी पिस्तूल रोखून धरलं होतं. घोडा ओढलेला होता. आणि एमेट ओरडत होता.

कोरा : काय ओरडत होता?

रॉयस : माझं नाव. मार म्हणत होता की मारू नको म्हणत होता, देवाला ठाऊक. नुसतं नाव.

कोरा : मग?

रॉयस : मग काय. पिस्तूल टाकलं आणि गेलो. तिच्या मानेचे केस धरून मागे ओढायला लागलो. तेव्हा वळली माझ्यावर.

व्हर्ना : तू ग्रिझलीला हाताने ओढलंस?

रॉयस : दुसरं काय होतं करायला?

कोरा : हे तू कधी बोलला नाहीस. कुणाजवळच नाही.

रॉयस : चव्वेचाळीसला जोर नव्हता म्हटलं की लोक मान हलवतात आणि पुढचं विचारत नाहीत.

व्हर्ना : रॉयस, तुला आवडणार नाही, तरी बोलते. माझ्या पाचशेची गोळी कडक शिशाची असते, सपाट नाकाची. ती आत जाऊन थांबत नाही. त्या मादीच्या आरपार गेली असती. आणि पलीकडे...

रॉयस : पलीकडे एमेट होता. माहीत आहे मला. अंथरुणाला पाठ टेकली की रोज माहीत असतं.

कोरा : मग पाचशे कशाला, बाबा?

रॉयस : काहीतरी मोठं हवं होतं हातात. एवढंच. उगाच डोळे पुसू नकोस, मला लागलंय, तुला नाही.

व्हर्ना : कोरा, हे धर. पंचेचाळीस. तुला हवं होतं ना? जड गोळ्या आहेत यात, साध्या नाहीत. पाची भरल्यात. ताटलीवर झाड, आणि मधे थांबू नकोस. समजा ती येतेय.

कोरा : आत्ता? हे सगळं झाल्यावर?

व्हर्ना : तिथेही तुला निवांत वेळ कोण देणार आहे? कानांवर चढव.

रॉयस : पाय जरा फाकव. हां. डोळे उघडे ठेव, दोन्ही.

व्हर्ना : बघ. चार ताटलीत. एक फळीवर.

रॉयस : फळीवरची पहिली होती. घाबरलेली.

कोरा : हो, पहिलीच.

रॉयस : व्हर्ना, तिला पावणेपाचशे देऊन बघ. पाचशे आणि पंचेचाळीसच्या मधलं आहे ते. निदान तेवढं तरी.

व्हर्ना : देते. यातही पाची भरल्यात. जोरकस आहे गं, मूठ घट्ट धर.

कोरा : आई गं! हे मनगटातून थेट दातांत जातं.

व्हर्ना : पहिली ताटलीच्या मधोमध. पण दुसरीसाठी घोडा ओढायच्या आधी तू मूठ सावरत बसलीस. मी बघत होते. रॉयस, तूही बघितलंस.

रॉयस : बघितलं. तेवढ्यात ती एवढी जवळ आली असती, की तिच्या तोंडाचा वास आला असता.

व्हर्ना : मग? काय करू?

रॉयस : मला काय विचारतेस?

व्हर्ना : पैसे तू देतोयस म्हणून.

रॉयस : पैसे देणारा तो गोळी झाडणारा नव्हे. नळी मात्र लांब ठेवू नकोस. खोगिरावर बसलं की टोचते, मग माणूस कंटाळून ती पिशवीत टाकतो. पिशवीतलं पिस्तूल काय कामाचं?

कोरा : पंचेचाळीस, व्हर्ना. आखूड नळी. आणि मूठ माझ्या मापाची.

व्हर्ना : ऑगस्टच्या सुरुवातीला ये न्यायला. आणि याला आता डॉक्टरकडे घेऊन जा, जखम तोंड उघडून बसलीय.

रॉयस : कोरा, मला तिथे जायचंच आहे. मारायला नाही. खरंच नाही. एमेटला डोंगरावरून खाली आणलं तेव्हा मी बेशुद्ध होतो. त्या जागेवर परत गेलोच नाही कधी. तिथे नुसतं उभं राहायचंय एकदा.

कोरा : जूनमध्ये जाऊ. दोघं. भर दिवसा, वारा पाठीवर घेऊन, म्हणजे आपला वास पुढे जाईल. अस्वलाला पळवायचा मिरचीचा फवारा तू धर, तो डाव्या हातानेही उडतो.

रॉयस : आणि ती असली तर?

कोरा : असली तर तिला आधी कळायला हवं आपण येतोय ते. गुपचूप जायचं नाही. वाटभर मोठ्याने बोलत चालायचं, तूच शिकवलंस ना मला?

रॉयस : एवढी चढण. एवढा वेळ काय बोलायचं?

कोरा : एमेटबद्दल बोल. मी ऐकते.