काठी हलली!

सीट हलली म्हणे! ऐकलंत ना सगळ्यांनी? हा गृहस्थ सायकलवरून भर बाजारात टोमॅटोवालीच्या ढिगात शिरतो, कपाळावर टेंगूळ घेऊन माझ्या दुकानात येतो आणि मला म्हणतो, "लॅक्सनभाऊ, तुम्ही बसवलेली सीट हलली!" अहो, सीट काय आपणहून हलते? तिचे कोण सोयरे बसलेत टोमॅटोत?... पण बघा, मी वाद घातला नाही. बसा म्हटलं, पाणी प्या, टेंगळावर ओलं फडकं ठेवा. कारण तुम्हाला सांगतो, हे वाक्य मी आयुष्यात इतक्यांदा ऐकलंय आणि इतक्या भाषांत ऐकलंय, की आता त्याचा राग येत नाही, झोप येते. तेव्हा सीट नव्हती एवढंच. तेव्हा काठी होती. काठी हलली!

चाक सरळ करेपर्यंत वेळ आहेच, तर ऐका.

हे दुकान घालायच्या आधी मी शिकारीच्या तळावर कामाला होतो, खाली लुआंग्वा नदीच्या काठी. परदेशी पाहुणे यायचे, बंदुकीची पेटी उराशी धरून, नवी नवरी दागिन्यांचा डबा धरते तशी. त्यांच्या दिमतीला आम्ही एवढे जण... माग काढायला झेब्रनबाबा, सोलायला एक, रांधायला एक, परवाना बघायला सरकारी माणूस एक, आणि ह्या सगळ्यांवर डर्कसाहेब, मोठे शिकारी, पाहुण्याला रानरेड्यासमोर नेऊन उभं करायची जबाबदारी त्यांची. आणि मी? मी काठी धरायचो! तीन बांबू, वरच्या टोकाला सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने आवळलेले, झालं तिकाटणं. रानातून चालताना ते मी खांद्यावर घ्यायचं, डर्कसाहेबांनी बोट वर केलं की पाहुण्याच्या छातीच्या उंचीला धरून जमिनीत रोवायचं, पाहुणा त्यावर बंदूक टेकवणार, मी हाताने बूड धरून बाजूला उभा राहणार, श्वास बंद, डोळे बंद, आणि ठो! इतकं सोपं काम. बांबूला नाही अक्कल लागत, मला लागायची ती फक्त श्वास बंद करण्यापुरती.

पण नेम चुकला की!... एकही माणूस, तुम्हाला सांगतो, एकही माणूस म्हणाला नाही की "माझा नेम चुकला." एक होता, तो म्हणे वाऱ्याने गोळी वळवली. पान हलत नव्हतं हो! एक म्हणे सकाळची अंडी कच्ची होती. एक तर रेड्यावरच चिडला, म्हणे "त्याने माझ्याकडे बघितलं!" आता काय त्याने पाठ करून बसायचं? आणि वारा, अंडी, रेडा सगळ्यांना शिव्या घालून झाल्या, की गाडी हळूहळू माझ्याकडे वळायची. सगळे माझ्याकडे बघायचे, मग काठीकडे बघायचे, मग परत माझ्याकडे. काठी हलली!

पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी तोंड उघडलं. म्हटलं, "साहेब, काठी तर..." डर्कसाहेबांनी मला झाडाआड नेलं. खांद्यावर हात टाकून, अगदी प्रेमाने. "लॅक्सन, पाहुणा कुठून आला?"

"समुद्रापलीकडून."

"एवढा समुद्र ओलांडून आलेल्या माणसाचा नेम चुकतो का?"

"नाही साहेब."

"मग काय झालं?"

"...काठी हलली."

"शाबास. उद्यापासून तुझा चहा दोन साखरेचा."

नाचता येईना अंगण वाकडं, म्हणतात ना? तर तिथे मी अंगण होतो. पगारी अंगण! आणि वाकडं असण्याबद्दल माझी काही तक्रारही नव्हती. पोटाला मिळत होतं, चहा गोड होता. पण पुढे लग्न ठरलं... आणि मग काठी लागली हो जिव्हारी!

मुलगी योबेकाकांची, मलिता. काका होड्या कोरायचे, हात लाकडावर आणि आवाज आभाळात. आणि काकू... काकूंचं काय सांगू! आमच्यात होणारी सासू होणाऱ्या जावयाशी तोंडावर बोलत नाही, त्याच्याकडे बघतसुद्धा नाही, लग्नात जावई तिच्या हातचं जेवला की मग बोलणं मोकळं. तोवर? तोवर काकू कोंबडीशी बोलायच्या. मी अंगणात बसलेलो, काकू माझ्याकडे पाठ करून दाणे टाकतायत आणि कोंबडीला म्हणतायत, "कोंबडे, तुला सांगते, माझ्या बहिणीचा जावई मोटार चालवतो. काहींचे जावई काठी धरतात. चालायचंच गं बाई, खा दाणे." कोंबडी खायची दाणे, मी खायचो टोमणे.

एका रविवारी चिंचेखाली सगळं गाव जमलेलं, पेजेची मडकी फिरतायत, आणि काका उठून उभे राहिले. मला वाटलं, माझं कौतुक करतायत. म्हणाले, "माझ्या लेकीच्या लग्नात कोंबडी शिजणार नाही, मासळी शिजणार नाही. रानरेडा शिजेल, रानरेडा! जावई शिकारीच्या तळावर आहे, उगाच नाही!" गावाने टाळ्या वाजवल्या. माझ्या हातातलं मडकं तसंच राहिलं. आता रीत काय? तर शिंगं आणि कातडं पाहुण्याचं, मांस खोऱ्यातल्या गावांचं, पाळीपाळीने. पाळी आमचीच होती, हे खरं. पण हंगाम संपत आला होता, एकच पाहुणा यायचा राहिला होता, त्याच्यामागून पाऊस, रस्ते चिखलात, तळ बंद. म्हणजे माझी अब्रू, माझं लग्न, अख्ख्या गावाचं जेवण, सगळं एका अनोळखी माणसाच्या बोटावर! आणि आमच्यापैकी कोणी बंदूक उचलावी तर तीही सोय नाही, परवाना पाहुण्याचा, रेडा पाहुण्याचा, गोळी पाहुण्याची. आमची फक्त काठी.

आणि आला कोण? बेल्जियममधला नळवाला! पाण्याचे नळ करायचा कारखाना होता त्याचा. माणूस भला, खोटं कशाला बोलू, आल्या आल्या सगळ्यांशी हस्तांदोलन, मला तर विचारलं, "तुमच्या गावात नळ आहे का?" म्हटलं, नदी आहे. पण बंदूक हातात घेतली की त्या माणसाचं काय व्हायचं देव जाणे, नळीचं टोक असं फिरायचं... असं... जशी माशी बसायला जागा शोधतेय.

पहिला रेडा. उन्हात उभा, आडवा, घराएवढा. ह्या इथून त्या तेलाच्या डब्यापर्यंत... बरं, त्याच्या थोडं पलीकडे. मी काठी रोवली, श्वास बंद, ठो! गोळी गेली वारुळात. रेड्याने वारुळाकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि चालता झाला. नळवाला बंदूक खाली करून म्हणतो कसा, "काठी हलली." डर्कसाहेब लगेच, "लॅक्सन! किती वेळा सांगितलं!" आणि मला डोळा मारला. मी मान खाली घातली. सवयीने हो!

दुसरा रेडा. ह्या वेळी गोळी गेली झाडात, ते आपलं दुधीएवढी फळं लोंबतात ना, त्या झाडात, आणि एक फळ धप्पकन खाली! झेब्रनबाबा म्हातारा, तोंडात दात दोन, मला हळूच म्हणतो, "लॅक्सन, भाजीची सोय झाली तुझ्या लग्नाची." आणि इकडे नळवाला? काठी हलली!

बातमी माझ्याआधी गावात. स्वयंपाक्याने पाणक्याला सांगितलं, पाणक्याने नदीवर सांगितलं, नदीवर सांगितलं म्हणजे झालंच. मी गावात पाय ठेवतो तो ज्याला त्याला माझ्या काठीची काळजी! एक म्हणतो, "बांबू ओला असेल, वाळव." दुसरा आपल्या चालत्या सायकलची ट्यूब काढून घेऊन आला, "घे, ह्याने आवळ, गावाच्या पोटाचा प्रश्न आहे!" काका म्हणाले, "जावईबापू, हात कापत असतील तर सांगा, मुळी उगाळून देतो." आणि मी काय सांगणार? पाहुणा चुकतो असं गावात बोललो आणि ते तळावर पोचलं, की नोकरी गेली. तशी नदी दोन्हीकडे वाहते आमच्यात! तिकडे काकूंचं चालूच होतं, "कोंबडे, तू आपली जवळपास राहा हो. लग्नात तुझीच वेळ येणार असं दिसतंय."

मलिताने मला कुंपणापाशी गाठलं. "खरं सांग, काठी हलते की नळवाला हलतो?"

म्हटलं, "ते मला बोलता येत नाही."

"बरं. मग बोलू नको, नुसती मान हलव."

"मान हलवली तर म्हणशील, बघ, हलतो तूच!"

हसली. म्हणाली, "नाही पडला रेडा तर सुकी मासळी खाऊ. मला चालेल." तिला चालेल हो... पण तिच्या बापाने चिंचेखाली सांगितलंय ना! त्यांची मान खाली गेली असती, आणि मासळीच्या प्रत्येक काट्याबरोबर माझी काठी निघाली असती, जन्मभर.

उजाडला शेवटचा दिवस. मोपानीच्या झाडांच्या रानात झेब्रनबाबाने कळप गाठून दिला, कडेला एक म्हातारा रेडा, कानाची लक्तरं झालेली, शिंगं अशी की नळवाल्याच्या तोंडाला पाणी सुटलं. त्याच्या शेजारी एक कोवळी म्हैस चरतेय. डर्कसाहेबांचं बोट वर. मी पुढे झालो, काठी रोवली, बूड धरलं, श्वास बंद. मनात म्हटलं, काठीबाई, आज तरी... आणि तेव्हा कळलं की मी मुंगळ्यांच्या वाटेवर उभा आहे!

मुंगळे म्हणजे आमचे मुंगळे! चावला की डोकं तुटेल पण जबडा सुटणार नाही. एक घोट्यावर. दोन पोटरीवर. मी हललो नाही. गुडघ्यावर आले, नाही हललो. डोळ्यांपुढे गाव आणलं, चिंच आणली, कोंबडी आणली. नळवाल्याच्या बंदुकीचं टोक फिरतंय... रेड्यावरून झाडावर, झाडावरून आभाळात, परत रेड्यावर, परत झाडावर... अरे मार की बाबा! मुंगळे आता अशा ठिकाणी पोचले होते की ते ठिकाण भरल्या दुकानात सांगता येत नाही. एकाने तिथे घेतला चावा, माझा गुडघा उडाला, काठीच्या पायावर खाडकन आपटला, माझे डोळे मिटले, आणि नेमकं तेव्हाच... ठो!

म्हटलं, संपलं. आजवर नाही हलली ती आज हलली. डोळे उघडले... रेडा आडवा! मानेच्या मणक्यात गोळी, जागच्या जागी! टोक होतं झाडाकडे हो, मी शपथेवर सांगतो, झाडाकडे! झेब्रनबाबा माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे बघतोय, दोघांनाही ठाऊक. आणि नळवाला धावत आला, मला मिठी मारली, डोळ्यांत पाणी, म्हणाला, "बघितलंस? आज काठी हलली नाही!"

काय करावं माणसाने? मी विजार काढून उड्या मारत होतो, त्यांना वाटलं आनंदाने नाचतोय! फोटो काढला त्यांनी. नळवाला शिंगं धरून बसलाय आणि मागे विजारीवाचून मी. बेल्जियममध्ये भिंतीवर असेल कुठेतरी, नळांच्या शेजारी.

लग्न झालं. रेडा पहाटेपासून शिजतोय, दुपार झाली तरी शिजतोय, सगळं गाव चावतंय, चावतंय, गिळणं काही होत नाही, म्हातारा रेडा तो! पण काका उभे राहिले, छाती पुढे, "माझ्या जावयाला अखेर काठी धरता आली!" टाळ्या. मी मान खाली घालून बसलो, त्या मुंगळ्यांचं नाव कुठे घेणार? मग काकूंनी माझ्यापुढे ताट ठेवलं, मी घास घेतला, म्हणजे रीत झाली, बोलणं मोकळं. सगळ्या बायका गप्प. कोंबडीसुद्धा थांबली. काकूंनी पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं. मला वाटलं, आशीर्वाद देतात आता. म्हणाल्या, "जावईबापू, शेजारी कोवळी म्हैस चरत होती म्हणतात... काठी जरा हलवली असतीत तर?"

आता बोला! म्हणजे हलली तरी चूक माझी, नाही हलली तरी माझीच. तेव्हापासून मी वाद घालणं सोडलं बघा, आणि दुकान घातलं. सायकलचा धंदा बरा, इथे निदान लोक आपटून आपल्या पायांनी चालत येतात.

आणा ती सायकल इकडे. आवळून देतो. होय हो, सीटच हलली... तुम्ही कसे हलाल?