टेपची पहिली बाजू

न्हाय, टेप नगा दावू. टेप हाय घरात, चांगला चालतोय, त्याची काय तक्रार न्हाय. मला ते दुसरं दावा — डिजिटल म्हणत्यात ते. आमच्या शाळंतलं गणिताचं सर म्हणलं, बिरदेव, तू बारामतीला हिंदुरावशेटच्या दुकानात जा, त्यांचा मेव्हणा दुबईला असतो, त्यो आणतो असल्या वस्तू. म्हणून शेळगावातनं आलो. एकटा न्हाय, मंडळी हाय संगं, लेक हाय — त्या दवाखान्यात गेल्यात, तपासणीला. चारच्या गाडीनं माघारी जायचंय. तवर म्हणलं हे काम करून घ्यावं. — हे व्हय? एवढंसंच? हे तर खिशात ऱ्हाईल. आन् ही तबकडी ह्याच्यात जाती. डबीतली डबी. चौऱ्याहत्तर मिनिटं — म्हंजी टेपच्या एका बाजूच्या दुपटीपरीस जास्त. गाणी वाजत्यात आन् रेकॉर्डिंग बी हुतं, दोन्ही. आन् फीत न्हायच म्हणता? गुतायला, तुटायला काय न्हायच. — मंग आवाज भाईर कुठनं येतो? कानात घालायचं. म्हंजी एकालाच ऐकू येणार, आन् बाकीच्यांनी त्याच्या तोंडाकडं बघत बसायचं. बरं. आन् ते पेनासारखं? ह्याला भोंगा हाय खाली, बारका का हुईना. ह्याच्यात तबकडी बी न्हाय? मंग आवाज ऱ्हातो कुठं? — आतच. असंल. पर गाणी न्हाईत ह्याच्यात, नुसतं बोलणं. आन् ते तिसरं — त्याला कॉम्प्युटर लागतो म्हणता? मंग ते ठेवा. शाळंत एक आलाय कॉम्प्युटर, त्याच्यावर कापड घालून ठेवलंय. ते कापड मीच झाडतो रोज.

शिपाई हाय मी शाळंत, एकवीस वर्सं झाली. त्याच्या आदी मेंढरं व्हती आमची. दीडशे डोस्की. मी आन् तानूबाई — आमची मंडळी — वर्सातलं आठ म्हयनं भाईरच. तिचा आवाज असा, की मी ओढ्याच्या ह्या अंगाला आन् ती पार माळाच्या त्या टोकाला, पर तिनं हाळी दिली की मेंढरं वळायची. मी दिली तर न्हाय वळायची, खरं सांगतो. फुडं सगळी रानं उसाखाली गेली, चरायला जागा ऱ्हायली न्हाय, मेंढरं इकली आन् मी शाळंत चिकटलो. घर शाळंच्या भितीला लागूनच. मेंढरं गेली, पर तिचा आवाज कुठं जातोय? ती शेजारणीला पीठ मागायची ते पाचवीच्या वर्गात ऐकू यायचं. एकदा हेडमास्तर म्हणलं, "बिरदेव, तुझी बायको आज काय शिजवतीय ते सगळ्या शाळेला कळलं." पोरं हसली, गुरुजी हसलं, मी बी हसलो. आन् घरी जाऊन तिला म्हणलं, गप बस. तवापास्नं — आता तुमाला काय सांगायचं — दिसभर शाळंत पोरास्नी तेच म्हणायचं, आन् घरी आलं की तिला. राग न्हवता त्यात. सवय पडली. ती काय सांगाय लागली की तोंडातनं आपसूक जायचं. मंग तिनं माझ्यासंगं बोलायचं कमी केलं. लेकरांसंगं बोलायची, म्हशीसंगं बोलायची. मी उंबऱ्यात आलो की थांबायची. मला वाटायचं, शाणी झाली.

गेल्या पावसाळ्यात तिचा घसा बसला. बसला तर बसला, आमी काय ध्यान दिलं न्हाय. मिसरी लावायची ती, बायका लावत्यातच. — खरं सांगू का शेट, चार म्हयनं घर शांत झालं तर मला बरंच वाटलं. हे कुणाला सांगू नका. संक्रांतीच्या आदी थुंकीतनं रगत आलं, मंग मल्हार, आमचा पोरगा, त्यो घेऊन गेला पुण्याला. डॉक्टर म्हणलं, घशातली आवाजाची पेटी काढाय लागंल. जीव ऱ्हाईल, आवाज न्हाय ऱ्हायचा. मी इचारलं, बारीक तरी? तर न्हाय म्हणलं, गळ्याला भोक ऱ्हाईल, त्यातनं श्वास घ्यायचा. तानूनं सगळं ऐकून घेतलं. येताना गाडीत खिडकीकडं बसली आन् बारामती येईपत्तुर भाईरच बघत व्हती. मी तिला च्या पेतीस का म्हणलं, तर मान हालवली. आवाज व्हता की तवा, बसका का हुईना. तरी मानच हालवली.

ऑपरेशनला आठ दिस व्हतं. तेवढ्यात लेकीची लेक, प्रतिक्षा, नववीत हाय, वडगाव निंबाळकरला असत्यात ती मंडळी — ती पोरगी टेप घेऊन आली. म्हणली, आज्जे, तू ह्याच्यात बोल, ज्याला जे सांगायचं ते सांगून ठेव. तानूला लिवा-वाचाय येत न्हाय, म्हंजी नंतर कागदावर बी सांगता यायचं न्हाय. हे त्या पोरीच्या ध्यानात आलं, आमच्या कुणाच्या आलं न्हाय. तीन दिस थोडं थोडं बोलली. मी शाळंत असताना. विजयमालाला — लेकीला — सांगितलं की तुझ्या डोहाळजेवणातलं माझं पाटल्यांचं बोलणं मनात धरू नगंस. मल्हारला सांगितलं, तुझी बायको बोलती तवा वर बघत जा. शेजारच्या प्रयागबाईला सांगितलं. म्हशीला सुदीक सांगितलं, दूध चोरत जाऊ नगंस म्हणून. आन् शेवटाला मेंढरांची हाळी दिली. बसल्या घशानं. फाटलेला आवाज, पर तिचाच. अर्ध्या तासाची एक बाजू भरली.

ऑपरेशन झालं. पंधरा दिस पुण्यात, मंग वडगावला लेकीकडं. मी घरी एकटा, शाळा सकाळची. एका दुपारी टेप लावला. ऐकत बसलो — माझी पाळी कवा येती. म्हशीच्या मागनं आली. "आन् ह्यांना काय सांगू?" म्हणली. मंग म्हणली, "ह्यांना माझ्याकडनं एकच पायजे व्हतं. ते आता डॉक्टर देणार हाईत."

मी टेप बंद केला. पुन्हा माघारी फिरवून लावला. असं तीनदा केलं. रडाय आलं न्हाय, राग बी आला न्हाय. मनात एवढंच आलं की हे जावय ऐकंल, सून ऐकंल, प्रयागबाई ऐकंल. तेवढं एक वाक्य पुसावं. प्रतिक्षा टेप घेऊन आली त्या दिशी तिनं आज्जीला लाल बटण आन् वाजवायचं बटण एकदम दाबून दावलं, ते मी बघितलेलं. फीत वाक्याच्या आदी आणली आन् मी बी दाबलं. लाल दिवा लागला. वाक्य गेलं असंल दहा मोजीपत्तुर, मंग बंद करायचं — ठावं व्हतं मला. चाक फिरताना दिसत व्हतं. पर उठलोच न्हाय. का उठलो न्हाय? मला बी सांगता येत न्हाय. हात मांडीवर व्हतं, तसंच ऱ्हायलं. बाजंवर बसून त्या दिव्याकडं बघत ऱ्हायलो. भाईर कुत्रं भुंकलं तवा उठून बंद केला. बारा मिनिटं गेली व्हती. म्होरं लावून बघितलं तर नुसती हाळीच ऱ्हायली व्हती.

कळतंय का काय झालं ते? मी ते एक वाक्य ऐकलं आन् बंद केलं, त्याच्या फुडचं ऐकलंच न्हवतं. फुडं ती काय म्हणली? मला वाटलं, मल्हारचंच असंल, न्हायतर प्रयागबाईचं आणिक काय. मंग प्रतिक्षा आली तवा सहज इचारलं तिला, माझ्या नावाचं आज्जी काय बोलली गं? तर पोरगी म्हणली, "तवा मला भाईर पाठवलं व्हतं तिनं, आबा. लई येळ बोलत व्हती." — लई येळ. म्हंजी ती बारा मिनिटं माझीच व्हती शेट. एकवीस वर्सांत माझ्यासंगं सलग बारा मिनिटं बोललेली न्हाय ती, मी बोलू दिलं न्हाय. शिव्या बी असतील त्यात. असू द्या की. आता ठावं कुणाला? पोरगी भाईर व्हती. आन् तानूनं सांगावं कसं? इतकं हातानं सांगता येतंय व्हय?

ही बघा, ती कॅसेट. आणलीय संगं. म्हणून तुमच्याकडं आलो, दुसरं कशाला न्हाय. तेवढं सांगा मला. सर म्हणत व्हतं, डिजिटलमदी आवाज लई साफ येतो, खरखर जाती, दबलेलं बी ऐकू येतं. मंग ह्या मशिनला तार लावून ह्यातलं त्याच्यात घेतलं, तर खालचं वर येतं का? वर माझी बारा मिनिटं हाईत — माझं खोकणं, बाज कुरकुरल्याली, कुत्रं. ते काढून टाकलं तर खाली तिचं ऱ्हायलं असंल ना? — न्हाय. दुबईवरनं दुसरं मोठं मशिन आणलं तर? — तरीबी न्हाय. बरं. — काय? ही कॅसेटच्या मागली बारकी कानं? एवढी दोन मोडली असती तर पुसताच आलं नसतं? रेकॉर्डिंग झाल्या झाल्या मोडायची असत्यात. बरं. बरं झालं सांगितलं. मोडा की आता, तेवढी हाळी तरी ऱ्हाईल.

तिनं ऐकलं का म्हणता? ऐकलं म्हंजी! घरी आल्याच्या दुसऱ्या दिशी टेपकडं बोट केलं. मी लावला. काय करणार, न्हाय कसं म्हणू. विजयमालाचं ऐकलं, मल्हारचं ऐकलं, म्हशीच्या येळंला हसली जराशी. मंग माझी बारा मिनिटं लागली. मला वाटलं बंद कर म्हणंल. तिनं हनुवटीखाली हात घेतला आन् सगळं ऐकलं. माझा खोकला ऐकला, कुत्रं ऐकलं. हाळी आली तवा डोळं मिटलं. संपलं. माझ्याकडं एकदा बघितलं आन् म्हशीला पाणी दावाय गेली. झालं एवढंच. रागवली न्हाय, काय आपटलं न्हाय, भाकरी रोजच्यागत वाढली. ऑपरेशन झाल्यावर पुण्यात मला हाक मारायची म्हंजी टाळी वाजवायची, दोनदा. त्या दिसापास्नं टाळी न्हाय. ताट आणून म्होरं ठेवती. मला बी काय वाटत न्हाय आता. शाळंत घंटा देतो, घरी येतो, ताट असतंय, जेवतो. मल्हार म्हणतो, आबा, तुमी कसं बधिर झाल्यागत बसताय. बसतो खरं.

आल्या बघा. गळ्याला पांढरा रुमाल — तीच. मागं विजयमाला. आता तिच्याम्होरं मगाचचं काय काढू नका. — ये, बस स्टुलावर. काय म्हणलं डॉक्टर? बरंय? बरं. तानू, हे बघ, शेटनी दोन काढून ठेवल्यात. हे पेनासारखं, ह्याच्यात बोलणं ऱ्हातं, घरातल्या सगळ्यांनी ऐकायचं. तुझी हाळी ह्याच्यात घेतील शेट. आन् ही तबकडी, ह्याच्यात गाणी बी हाईत. ह्याला कानात घालाय लागतं पर. कुठलं घ्यायचं? तुझ्यासाठी घ्यायचंय. तूच दाव बोटानं.

तबकडी. बघ बरं नीट. आन् हाळीचं? — नगं म्हणती. बरं. लावा शेट तिच्या कानात, बघू द्या. सनई हाय व्हय ह्या तबकडीत? असू द्या, तिला आवडती. — लागली. लागली बघा. डोळं मिटलं तिनं.

तानू. मी काय म्हणत व्हतो — त्या दिशी मी एकच वाक्य पुसाय गेलो व्हतो. तुझं बाकीचं मी ऐकलं न्हवतं. फुडचं मला ठावं न्हवतं गं. ठावं असतं तर — चुकलं माझं, तानू.

न्हाय शेट, नगा काढू. तिच्या कानाला हात लावू नका. मला दिसतंय की तिला ऐकू येत न्हाय. म्हणून तर बोललो. — आन् तू कशापायी डोळ्याला पदर लावतीस विजयमाला, काय झालं न्हाय. खोक्यात घालू नका शेट, वाजू द्या तसंच, ती कानात घालूनच येईल गाडीपत्तुर. तू आईचा हात धर, रस्त्यावरच्या गाड्या तिला कळायच्या न्हाईत. चला. येतो शेट.