तोंडं बघून पास केलेलं दूध

(दूध गोळा करण्याच्या केंद्रातली चाचणीची खोली. मामा इथले जुने चाखणारे. भाची त्यांच्या हाताखाली काम शिकते आहे.)

भाची : थू! थू! मामा, आधी पाणी द्या. हे दूध आहे की लसणाचं फडकं पिळलंय?

मामा : नखरे पुरेत. चाखून थुंकायचं असतं, गिळायला कुणी सांगितलं?

भाची : थुंकलं तरी घशात चिकटलंय, शी! अख्खी टाकी घाण झालीय. दहाला मॅनेजर येतील, आणि सकाळचे सगळे कॅन तुम्हीच पास केलेत.

मामा : कुठल्या तरी गाईनं भलतंसलतं खाल्लं असेल.

भाची : हे बघा. वळणावरच्या आजींच्या कॅनच्या कडीत अडकलं होतं. बारीक पांढरी फुलं, चपट्या गोल शेंगा.

मामा : मेलं हे! रानटी तण, मोहरीच्याच कुळातलं. उगवतं, बी टाकतं, वर्षाच्या आत वाळून जातं. पण जाता जाता दुधाचं वाटोळं करतं.

भाची : मग झाकण उघडल्यावर कळलं नाही? मला दारातच वास आला.

मामा : जरा सर्दी आहे.

भाची : हा पाला चुरगाळलाय. नाकाशी धरा. कसला वास येतो?

मामा : पाल्याचा. पाल्याला पाल्याचाच येणार ना?

भाची : मामा...

मामा : नाही येत. दोन वर्षांपूर्वीच्या त्या तापापासून वास नाही, चव नाही. तुझ्या मामीलाही ठाऊक नाही. रोज ‘छान झालंय’ म्हणतो आणि जेवतो.

भाची : मग दूध पास-नापास कसं करत होता?

मामा : तोंडं बघून. चोराच्या मनात चांदणं. वाईट दूध आणणारा झाकण उघडताना नजर चोरतो. आजवर चुकलो नव्हतो गं.

भाची : आणि आजी?

मामा : गाय कुंपण मोडून तणात चरली, हे तिला बिचारीला कुठं माहीत? सरळ माझ्या डोळ्यांत बघून हसली.

भाची : मला दुधाची नाही, आता तुमची किळस येतेय. चुकलो नव्हतो म्हणे! आणि सुताराची सून? तिचं दूध तीनदा गटारात ओतायला लावलंत.

मामा : ती मान वर करत नव्हती.

भाची : ती कुणापुढेच मान वर करत नाही! तिसऱ्या वेळी कॅन मी धुतला. तळाचं थोडं चाखलं होतं. चांगलं होतं, मामा. मला वाटलं, मी शिकाऊ, माझीच जीभ चुकली. गप्प बसले. माझीही शिसारी येतेय मला.

मामा : तुझं चुकलं नाही. मॅनेजरना मीच सांगतो. आजीचं नाव मध्ये आणू नकोस. उद्यापासून तू चाख.

भाची : आणि तुम्ही?

मामा : ठेवलंच कामावर, तर दारात उभा राहीन. सुताराची सून आली की तिचा कॅन मी आत आणीन. मान खाली घालून.